डोळे मिटा, मग सही करा
भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण देऊ पाहणाऱ्या नवशिक्या सुलभकांसाठी

अभिनंदन. यादीत तुमचं नाव आलं आहे. ते कसं आलं, हे विचारायचं नसतं. कदाचित तुमचा आवाज मोठा असेल, कदाचित तुमची शाळा तालुक्याच्या गावाला लागून असेल, कदाचित केंद्रप्रमुखांनी सात जणांना फोन लावले आणि उचलला तो तुम्ही एकट्यानेच. काल दुपारपर्यंत तुम्ही चौथीला भागाकार शिकवत होता. परवापासून तालुक्यातल्या साठ शिक्षकांना भावनिक बुद्धिमत्ता शिकवणार आहात. पोटात गोळा आला असेल, तर ती भीती आहे हे ओळखा, तिला नाव द्या आणि दीर्घ श्वास घ्या. पहिलं सत्र इथेच संपलं.

मी बीड जिल्ह्यात एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. त्यातली बारा-तेरा वर्षं मध्येच वर्ग सोडून दुसऱ्यांना शिकवायला जात होतो. कधी साधनव्यक्ती म्हणून, कधी विषयतज्ज्ञ, कधी सुलभक. नावं बदलत गेली, सतरंजी तीच राहिली. तेव्हा चार गोष्टी हक्काने सांगतो.

साहित्य आणि मांडामांड

एक बॅनर लागेल. 'भावनिक' हा शब्द नीट छापलाय ना, ते छापखान्यातच उभं राहून वाचा. आमच्या एका कार्यशाळेच्या बॅनरवर 'भाविक बुद्धिमत्ता' असं आलं होतं आणि आम्ही तीन दिवस त्याच्याखाली बसलो. गावात माळकरी बरेच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

प्रोजेक्टर घ्या, आणि तो चालणार नाही असं धरून चार्टपेपरही घ्या. स्केचपेनं, दोरीचा गुंडा आणि फुग्यांची दोन पाकिटं हवीत, कारण एका पाकिटातले निम्मे फुगे फुगवतानाच फुटतात. दुपारच्या ध्यानासाठी बासरीची धून मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा. ऐनवेळी नेटवरून लावलीत तर सगळे डोळे मिटून बसलेले असताना बनियनची जाहिरात वाजते. हजेरीपत्रक विसरू नका. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हजेरीपत्रक राहिलं तर प्रशिक्षणच राहिलं.

सुरुवात सावित्रीबाईंच्या प्रतिमापूजनाने. सावित्रीबाई १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा अंगावर शेण-चिखल यायचा, म्हणून त्या जादा लुगडं सोबत न्यायच्या, असं आपण मुलांना सांगतो. त्यांना हार घालून लगेच 'ताणतणावाकडे सकारात्मकतेने पाहा' ही स्लाइड लावू नका. मध्ये निदान चहा घ्या.

मग स्वागत. याला दीड तास धरा, आणि तो वेळ वाया गेला असं मनात आणू नका. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींकडे बघत बसा. आधी कुणाला बोलवायचं, नंतर कुणाला बोलावलं तर पहिल्याचा पापड मोडेल, विस्तार अधिकाऱ्यांची खुर्ची गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या किती जवळ ठेवायची, कुणाचं नाव राहिलं तर तो किती महिने धरून ठेवील आणि 'अनवधानाने राहून गेलं' हे वाक्य नेमक्या कोणत्या क्षणी म्हणायचं, हे सगळं त्या माणसाच्या बोटांवर असतं. भावना ओळखणं, त्यांचा अंदाज बांधणं, त्या सांभाळणं, सगळं आलं त्यात. त्याला कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही. तुम्ही ते आता देणार आहात.

पाणी टेलपर्यंत कसं पोचतं

हे ज्ञान वरून खाली येतं. राज्यस्तरावर पाच दिवस, जिल्ह्याला तीन, तालुक्याला दोन. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते पोचतं तेव्हा चहाच्या आधीची चाळीस मिनिटं शिल्लक असतात, आणि त्यातली दहा मागच्या महिन्याच्या राहिलेल्या माहितीत जातात. वर्गातल्या पोरापर्यंत जे पोचतं ते असं : "हं, हसा बरं सगळे." कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे त्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. पाणी सुटल्याची बातमी त्याने पेपरात वाचलेली असते.

धोरण मात्र वरपासून खालपर्यंत कोरडं नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे आणि प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षाही आहे. दिल्लीने २०१८च्या जुलैत दलाई लामांच्या उपस्थितीत सरकारी शाळांसाठी आनंदाचा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला. शनिवारचा बंदोबस्त झाला, उरलेल्या पाच दिवसांबद्दल आदेश यायचा आहे.

सिद्धांत, म्हणजे जेवणापर्यंतचा वेळ

इतिहास सांगा, पण थोडक्यात. १९९० साली पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एका निबंधात ही कल्पना मांडली. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना टिपता येणं, त्यांतला फरक कळणं, आणि त्या कळण्याचा उपयोग विचार करताना, वागताना करता येणं. बस. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्समध्ये विज्ञानावर लिहिणारे डॅनियल गोलमन यांनी याच विषयावर पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं, आणि तिथून निघालेली एक स्लाइड तुमच्या पेनड्राइव्हमध्ये येऊन बसली आहे. हिमनगाचं चित्र, वर 'बुद्ध्यांक २० टक्के', पाण्याखाली 'भावनांक ८० टक्के'.

ही स्लाइड दाखवण्याआधी जरा थांबा. गोलमन यांनी लिहिलं ते एवढंच, की आयुष्यातल्या यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के. उरलेलं इतर गोष्टींवर अवलंबून, आणि त्या इतर गोष्टींत माणूस कोणत्या घरात जन्मला इथपासून निव्वळ नशिबापर्यंत सगळं आलं. ते ८० टक्के सगळेच्या सगळे कुणीतरी भावनिक बुद्धिमत्तेच्या सातबाऱ्यावर चढवले. तसा अर्थ काढू नका, हे खुद्द गोलमन यांनी नंतर सांगितलं. तोवर फेरफार मंजूर झाला होता.

यानंतर 'सहानुभूती' आणि 'समानुभूती' यांतला फरक येतो. त्याला पाऊण तास राखून ठेवा. हा फरक शिक्षकांनी या आधी किमान चार प्रशिक्षणांत ऐकलेला असतो, पण ते तुम्हाला तसं सांगणार नाहीत. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. यालाच समानुभूती म्हणतात.

पेढ्याचा प्रयोग

सुलभकांचा सगळ्यांत लाडका व्हिडिओ मार्शमेलोचा. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस लहान मुलांपुढे एक गोड वडी ठेवली. आत्ता खाल्लीस तर ही एक, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात चमकली, असं सांगून व्हिडिओ संपतो आणि साठ शिक्षक आपापल्या वर्गातल्या अधाशी पोरांना मनातल्या मनात नापास करतात.

मीही एके काळी हे पदरचे पैसे घालून केलं. मार्शमेलो आमच्याकडे कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून पेढे आणले. तिसरीचा वर्ग होता. प्रत्येकापुढे कागदाच्या तुकड्यावर एकेक पेढा ठेवला आणि म्हटलं, "मी बाहेर जाऊन येतो. आल्यावर ज्याचा पेढा तसाच असेल, त्याला आणखी एक." खिडकीतून बघत होतो. पहिल्या ओळीतल्या एका पोराने मी उंबरा ओलांडायच्या आत पेढा तोंडात टाकला, कागद चाटला, घडी केली आणि खिशात ठेवला. मी वहीत लिहिलं, 'आत्मनियंत्रण : कमी'. वर्गाच्या बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "सर, याच वर्गाला मी जूनपासून सांगतेय, उद्या गणवेश येणार."

तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

पुढे मला कळलं की हे कुणी तपासूनही पाहिलंय. रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ साली छापून आला. त्यांनी मुलांना आधी सांगितलं, थांबा, तुमच्यासाठी चांगले रंग आणतो. निम्म्या मुलांना रंग मिळाले. उरलेल्यांना 'अरे, संपले की' असं सांगितलं. मग वडीचा प्रयोग केला. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं होतं ती तीन. मुलं होती फक्त २८, त्यामुळे त्यावर इमला बांधायचं कारण नाही. पण २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येने मुलं घेऊन मिशेल यांचाच प्रयोग पुन्हा तपासला गेला, तेव्हाही घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर त्या थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध पार पातळ झाला. आमच्या तिसरीतल्या पोराने तो पेपर वाचलेला नव्हता. त्याने शाळेचा अनुभव घेतला होता.

वहीतली ती ओळ मी खोडली. तुम्ही पेढे न्या, खुशाल न्या. पण प्रयोग मुलांवर नका करू, वाटून टाका.

चार तोंडं आणि बाकीची मराठी

आता खरं शिकवण्याचं. तुमच्या घडीपत्रिकेत 'भावनांचा तक्ता' असेल. चार पिवळी गोल तोंडं : आनंद, दुःख, राग, भीती. शिक्षकांनी तो भिंतीवर लावायचा आणि सकाळी आल्या आल्या प्रत्येक मुलाने आपल्या तोंडावर बोट ठेवायचं. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक मिळून एकोणपन्नास भाव मोजले होते. आपण चारांवर आलो, छपाई रंगीत असल्यामुळे.

तक्ता बाजूला ठेवा आणि शिक्षकांना विचारा, तुमच्या वर्गातलं पोर बिनसलं की तुम्ही दुसऱ्या बाईंना काय सांगता? मग बघा. "आज तो हिरमुसलाय." "ती कालपासून खट्टू आहे." "रुसून बसलीय." "उगाच त्रागा करतोय." "नवीन पोरगं बावरलंय." "सगळ्यांसमोर बोलले तर ओशाळला हो." "कानकोंडं झालं पोर." "सारखी धुसफूस चाललीय त्या दोघांची." फळा भरतो. यात एकही शब्द प्रशिक्षणातला नाही.

आणि प्रत्येक शब्दासोबत उपाय येतो, ही खरी गंमत. रागावलेल्या पोराला थोडा वेळ एकटं सोडलं की ते निवतं. रुसलेल्याला एकटं सोडलं की संपलंच. ज्याच्यावर रुसलंय त्यानेच यायला लागतं, आणि दोनदा यायला लागतं, कारण पहिल्यांदा ते 'नाही' म्हणणारच. तक्त्यावर दोघांनाही एकच रागाचं तोंड आहे. भेदरलेल्या पोरासमोर आवाज खाली आणायचा. बावरलेल्याला सूचना कमी द्यायच्या, एका वेळी एकच. बिचकलेल्याला काहीच करायचं नाही, फक्त दाराशी उभं राहू द्यायचं. ओशाळलेल्याकडे बघायचंच नाही. त्या क्षणी 'तुला कसं वाटतंय?' असं प्रेमाने विचारणं हा त्याच्यावर दुसरा घाव, मग तुम्ही ते कितीही मऊ आवाजात विचारा. हिरमुसलेल्याला काहीतरी मिळायचं होतं ते मिळालं नाही, तेव्हा आधी ते काय होतं याचा शोध घ्यायचा. त्रागा करणारं पोर पाटी आपटतं, पण ती स्वतःची असते. हे ज्या बाईंना कळतं त्यांना पाटी फोडल्याबद्दल ओरडावं लागत नाही.

मला एक शब्द एका दुसरीतल्या मुलाने शिकवला. दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल उन्हाळ्यातच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि तो कोयता पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर थेट कर्नाटकात. काही मुलं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात, काही आजीजवळ. हा आजीजवळ राहिला होता. चांगलं वाचायचा. नोव्हेंबर अर्धा गेला आणि त्याने शेजारच्या मुलीच्या पेन्सिली मोडायला सुरुवात केली. रोज एक. मी रागावलो, समजावलं, जागा बदलली. जागा बदलल्यावर तो नव्या शेजाऱ्याच्या मोडू लागला. तेव्हा मी नुकताच एक पाच दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो, म्हणून त्याला तक्त्यापुढे उभं केलं आणि विचारलं, यातलं तुझं तोंड कुठलं? त्याने चारही तोंडं नीट पाहिली. एकावर बोट ठेवलं, काढलं, दुसऱ्यावर ठेवलं. शेवटी म्हणाला, "यातलं कुठलंच न्हाई." मग बऱ्याच वेळाने, खाली बघून, "करमंना, गुर्जी."

करमत नाही. तक्त्यावर हे तोंड नव्हतं. मी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि परिपाठानंतरची हजेरी त्याच्याकडे दिली. गैरहजर पोरांची नावं तो मोठ्याने वाचायचा, आणि जी टोळीबरोबर गेली होती त्यांच्या नावापुढे स्वतःच म्हणायचा, "गेलंय. येईल." पेन्सिली मोडणं दोन आठवड्यांत थांबलं, असं मी अहवालात लिहू शकलो असतो. खरं म्हणजे ते एप्रिलपर्यंत अधूनमधून चालू राहिलं. कारखान्याचा पट्टा पडला, आई-बाप आले, तेव्हा थांबलं.

जेवणानंतर

पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. यानंतरचं सत्र 'सजग श्वसन आणि ताणतणाव व्यवस्थापन' असतं. ज्याने हे वेळापत्रक आखलं त्याला माणसाच्या शरीराची उत्तम जाण असली पाहिजे. "डोळे मिटा" म्हटलं की साठच्या साठ जण मिटतात. इतकी आज्ञाधारकता तुम्हाला सकाळच्या सत्रात दिसली नसेल. श्वास मोजायला लावा. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतून श्वास आपोआप मोठे ऐकू यायला लागले की समजा, विषय पोचला.

आणि मग फोन वाजतात. एकाचा नव्हे, सगळ्यांचे, एकदम. केंद्राच्या ग्रुपवर निरोप येतो : 'अत्यंत तातडीचे. सोबतच्या लिंकवर आज चारपर्यंत माहिती भरावी. माहिती निरंक असल्यास निरंक भरावी. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' साठ जण एक डोळा उघडतात. बासरी चालू असते. या क्षणी काय करायचं, हे घडीपत्रिकेत दिलेलं नाही, म्हणून मी सांगतो : बासरी बंद करा आणि त्यांना माहिती भरू द्या. एखाद्याच्या बोटांना कंप सुटलेला दिसेल. त्याला त्याच्या भावनेचं नाव विचारू नका.

शिक्षणहक्क कायदा २००९चा. त्यातलं सतरावं कलम मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई करतं. हे कलम तुम्ही प्रत्येक प्रशिक्षणात वाचून दाखवा, ते फार चांगलं आहे. वाचताना एखाद्या बाई खिडकीबाहेर बघत असल्या तर त्यांना टोकू नका. गेल्याच आठवड्यात शाळाभेटीला आलेल्या साहेबांनी वर्गातच, पोरांसमोर, "पगार कशाचा घेता?" म्हणून विचारलेलं असू शकतं. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. साहेब गेल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी उठून पाण्याची बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून गेली. हे मला त्या बाईंनीच सांगितलं, चहाच्या वेळी, नळापाशी, आणि वर म्हणाल्या, "तुम्ही जे शिकवताय ना सर, ते तिला येतं." बाईंना कलमाचं संरक्षण नाही. त्या मूल नाहीत.

अमेरिकेत जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला, पावणेतीन लाखांच्या आसपास मुलांचा. मुलांच्या वागण्यात तर फरक पडलाच, अभ्यासातही पडला, आणि हे काम वर्गाचे नेहमीचे शिक्षकच उत्तम करू शकतात, बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही, असं त्यात दिसलं. म्हणजे सगळी मदार त्या नळापाशी उभ्या असलेल्या बाईंवर आहे. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांच्या खोल्या झाडायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ गुरं राखणाऱ्या मुलांच्या मागे कुरणात शाळा घेऊन गेल्या. त्यांच्या कामावर स्लाइड नंतर निघाल्या.

अहवाल

चार वाजता चाचणी असते. 'मूल रडत असल्यास आपण काय कराल? (अ) दुर्लक्ष करीन (ब) रागवीन (क) समानुभूती दाखवीन (ड) यांपैकी नाही.' निकाल शंभर टक्के लागतो. मी आजवर (ब) लिहिणारा एकच शिक्षक पाहिला. त्याला विचारलं तर म्हणाला, "सर, मी आधी रागावतो. मग वाईट वाटतं. मग जवळ घेतो. यात तिन्हीवर खूण करायची सोय नाही." त्याला मी मनातल्या मनात पहिला नंबर दिला. पोर्टलवर तो अनुत्तीर्ण आहे.

फोटो चार लागतात : दीपप्रज्वलन, गटकार्य, फुग्यांचा खेळ, समूहछायाचित्र. स्थळ-वेळ उमटेल असे काढा आणि सहाच्या आत चढवा. नेट नसेल तर टाकीवर चढा. हे विनोदाने सांगत नाही, आमच्याकडे पाण्याच्या टाकीवरच रेंज येते.

आता शेवटचं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका तालुक्याला माझं दुपारचं सत्र होतं. मी पेनड्राइव्ह खिशातच ठेवला. बेचाळीस शिक्षक होते. म्हटलं, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या एकाच मुलाबद्दल बोलायचं. ज्याच्याशी तुमचं जमत नाही असं मूल. त्याला घरी काय हाक मारतात, तो कुणाशेजारी बसतो, त्याला कशाने हसू येतं. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं, आणि कुणी कुणाला उपाय सुचवायचा नाही. पहिल्या चौघांनी उरकलं. पाचव्या बाई बोलता बोलता थांबल्या. म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, मला हे पोर कुणाशेजारी बसतं ते आठवत नाहीये." सभागृह गप्प. नंतर कुणी घाई केली नाही. एका गुरुजींनी मुलाबद्दल सुरुवात केली आणि स्वतःच्या बदलीबद्दल, दीडशे किलोमीटरवर राहिलेल्या आजारी बापाबद्दल बोलले. आम्ही ते मुलाच्याच खात्यात धरलं. साडेपाच वाजले, सहा वाजले, शिपाई किल्ल्या वाजवून गेला. शेवटच्या बाईंची शेवटची एसटी चुकली, त्यांना आम्ही मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडलं.

फोटो काढायचे राहिले. फुगे पाकिटातच होते. मला तीन दिवसांत लेखी खुलासा मागितला गेला, तो मी दिला. पोर्टलवर त्या तारखेपुढे आजही 'प्रशिक्षण झाले नाही' असंच दिसतं.